कॅथरिन बिगेलो यांच्या कारकिर्दीतील मधली वर्षे कशी वाचावीत?

निळी शाई यांचा प्रश्न :

नमस्कार. नाशिकमध्ये आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो, एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट क्रमाने पाहतो आणि त्यांवर बोलतो. या वेळी अमेरिकन दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलो यांची निवड झाली असून प्रास्ताविक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेले दोन महिने मी त्यांचे चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने पाहिले, शेजारी वहीत प्रत्येकाचा खर्च आणि उत्पन्न लिहीत गेले, आणि त्या वहीनेच मला अडचणीत टाकले आहे.

'पॉइंट ब्रेक' (१९९१) सुमारे २.४ कोटी डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात ८ कोटींहून अधिक मिळवले. त्यानंतरचा 'स्ट्रेंज डेज' (१९९५) ४.२ कोटींचा होता, पण अमेरिकेत त्याला जेमतेम ८० लाख मिळाले. 'के-१९ : द विडोमेकर' (२००२) या सोव्हिएत पाणबुडीवरील चित्रपटासाठी सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले, त्या काळी इतकी रक्कम स्त्री दिग्दर्शकाच्या हाती क्वचितच दिली जात असे. त्याचे जगभरातील उत्पन्न सुमारे ६.५ कोटींवर थांबले. पुढचा चित्रपट सहा वर्षांनी आला आणि तो फक्त दीड कोटीचा होता. तो म्हणजे इराकमधील बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकन सैनिकांवरचा 'द हर्ट लॉकर'. त्याच चित्रपटासाठी ७ मार्च २०१० रोजी त्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. 'डेट्रॉइट' (२०१७) तोट्यात गेल्यावर पुन्हा आठ वर्षांचे अंतर आहे.

माझा प्रश्न असा आहे की, ही मधली वर्षे मी कशी वाचावीत? पैसे बुडवणाऱ्या कोणत्याही दिग्दर्शकाला जी शिक्षा होते तीच ही होती, की स्त्री असल्यामुळे ती अधिक झाली? दुसरे असे की, 'ही बाई पुरुषासारखे ॲक्शनपट करते' हे कौतुकाचे म्हणून लिहिलेले वाक्य मला अनेक ठिकाणी सापडले. ते मला खटकते, पण का खटकते हे चार लोकांसमोर नेमके मांडता येत नाही. प्रास्ताविकात त्यांना 'स्त्री दिग्दर्शक' म्हणावे का, हेही ठरत नाही. जाणकारांनी मदत करावी.


कापूनजोडून :

आपण दुसऱ्या प्रश्नाने सुरुवात करू, कारण त्याचे उत्तर मिळाले तर पहिल्याकडे पाहण्याची नजरही थोडी बदलेल. मी पुण्यात चित्रपट संकलनाचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर संकलनाच्या टेबलावरून दिलेले आहे, हे लक्षात घ्यावे.

'पुरुषासारखे' या शब्दात असे गृहीत धरलेले असते की ॲक्शन म्हणजे ताकद, वेग आणि मोडतोड. बिगेलो यांच्या कामात या तिन्ही गोष्टी आहेत, पण त्यांचा पाया दुसरा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी त्या कुठून आल्या हे पाहावे लागते. त्यांचा जन्म १९५१ साली कॅलिफोर्नियातील सान कार्लोस येथे झाला. त्यांचे पहिले शिक्षण चित्रकलेचे, सान फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. तेथून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या अभ्यासक्रमात आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात त्या चित्रपटाच्या अभ्यासासाठी गेल्या. १९७८ सालच्या 'द सेट-अप' या त्यांच्या लघुपटात दोन माणसे एकमेकांना मारत राहतात आणि त्याच वेळी पार्श्वभूमीवर दोन प्राध्यापक त्या मारामारीच्या प्रतिमांचा अर्थ लावत राहतात. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलीने पहिल्याच चित्रपटात 'आपण हिंसा पाहतो तेव्हा नेमके काय पाहतो' हा प्रश्न उभा केला आणि पुढची चाळीस वर्षे ती त्याच प्रश्नाशी झुंजत राहिली. ही कारकीर्द मला एका सलग अभ्यासासारखी वाटते, आणि त्या अभ्यासाचे साधन म्हणून त्यांनी ॲक्शनपट निवडला.

आता 'पॉइंट ब्रेक'मधला पायी पाठलाग आठवा. मुखवटा घातलेला दरोडेखोर पुढे आणि केआनू रीव्ह्जचा एफबीआय अधिकारी मागे, दोघे घरांमधल्या अरुंद बोळांतून, कुंपणांवरून, लोकांच्या स्वयंपाकघरांतून आणि बैठकीच्या खोल्यांतून धावत सुटतात. कॅमेरा हातात धरून माणसाच्या कमरेच्या-छातीच्या उंचीवर धावतो, पण चित्र इतके हिंदकळत नाही की काही दिसूच नये. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग दाखवतो आणि मध्येच थांबवून विचारतो की आत्ता पुढचा माणूस कोणत्या बाजूला आहे. प्रत्येक वेळी सगळे बरोबर हात दाखवतात. बोळ कितीही वळला तरी आपली दिशा सुटत नाही. हल्लीच्या बऱ्याच मारामाऱ्यांत दर सेकंदाला एक कट असतो आणि कोणाचा ठोसा कोणाला लागला हे फक्त आवाजावरून ओळखावे लागते. बिगेलो यांच्याकडे वेग असूनही जागेचे भान सुटत नाही, आणि ही किमया चित्रकाराच्या डोळ्याची आहे असे मला वाटते.

'स्ट्रेंज डेज'साठी त्यांच्या चमूने मुद्दाम हलका कॅमेरा तयार करवून घेतला होता, कारण त्या कथेत माणसांचे अनुभव त्यांच्याच डोळ्यांतून नोंदवले जातात. पहिलाच दरोड्याचा प्रसंग आपण एका दरोडेखोराच्या डोळ्यांनी, जणू एका दमात पाहतो आणि शेवटी त्याच्याबरोबर छतावरून खाली कोसळतो. पुढे त्याच तंत्राने एका स्त्रीवरील अत्याचार दाखवला आहे, तेव्हा मघाशी त्या दृष्टिकोनाची मजा घेणारा प्रेक्षक अस्वस्थ होऊन स्वतःच्या डोळ्यांनाच जबाबदार धरू लागतो. तो प्रसंग मला आजही सहज पाहता येत नाही. तो तसा सहज पाहता येऊ नये याची काळजी दिग्दर्शिकेने घेतली आहे.

'द हर्ट लॉकर'चे चित्रीकरण २००७ च्या उन्हाळ्यात जॉर्डनमध्ये झाले. छायालेखक बॅरी ॲकरॉइड यांनी सुपर १६ या अरुंद पट्टीच्या फिल्मवर एकाच वेळी चार-चार कॅमेरे लावले, आणि संकलकांच्या हाती जवळपास २०० तासांचे चित्रण आले. सव्वादोन तासांच्या आतल्या चित्रपटासाठी २०० तास! आमच्या धंद्यातल्या माणसाला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. पहिल्या प्रसंगात बॉम्बकडे पाठवलेल्या यंत्रमानवाच्या गाडीचे चाक निखळते, म्हणून सार्जंटला स्फोटापासून बचावाचे ते जड कपडे चढवून स्वतः चालत जावे लागते. रस्त्याची लांबी, वरच्या सज्जांतले लोक, खाटकाच्या दुकानापाशी हातात मोबाइल घेऊन उभा असलेला माणूस, त्याच्याकडे ओरडत धावणारा सैनिक, हे सगळे कोण कुठे आहे ते आपल्याला पक्के ठाऊक झालेले असते. मग स्फोट होतो. तिथे ज्वाळांचा डोंब दाखवून त्या थांबत नाहीत. अतिमंद गतीत जमिनीवरचे खडे वर उचलले जातात आणि जवळच्या मोटारीच्या पत्र्यावरचा गंज थर सुटावा तसा थरथरून वर उठतो. स्फोटाची ताकद हवेतून वस्तूपर्यंत कशी पोहोचते हे मी त्यापूर्वी पडद्यावर असे पाहिले नव्हते. संकलन आणि ध्वनी या दोन्ही विभागांची ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाला मिळाली, ती योग्यच होती.

तेव्हा 'पुरुषासारखे' का खटकावे, याचे माझे उत्तर असे : ते वाक्य वीस वर्षे खपून तयार केलेल्या एका दृष्टीचे श्रेय त्या व्यक्तीकडून काढून घेते आणि ते कोणा अनाम पुरुषाच्या खात्यावर जमा करते.


सह्यवारा :

वरील प्रतिसाद फार आवडला. मी पैशाच्या बाजूने लिहितो, कारण निळी शाई यांच्या वहीत एक रकाना राहून गेला आहे. किती पैसे लागले हे त्यांनी लिहिले. पैसे कोणाचे होते हेही लिहायला हवे.

सहसा आपण समजतो की हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओने त्यांना वर चढवले आणि खाली आणले. प्रत्यक्षात त्यांच्या बहुतेक चित्रपटांचे भांडवल स्टुडिओबाहेरून उभे राहिले आहे. 'के-१९'चे मोठे भांडवल स्वतंत्र निर्मात्यांचे होते. 'द हर्ट लॉकर' पूर्णपणे बाहेरच्या पैशावर उभा राहिला, आणि अमेरिकेतला वितरक तर तो २००८ मध्ये महोत्सवांत दाखवला गेल्यानंतर मिळाला. 'झीरो डार्क थर्टी' (२०१२) आणि 'डेट्रॉइट' यांमागे मेगन एलिसन यांची अन्नपूर्णा पिक्चर्स ही निर्मितीसंस्था होती. २०२५ चा 'अ हाउस ऑफ डायनामाइट' नेटफ्लिक्सचा आहे. स्वतंत्र भांडवलामुळे त्यांना शेवट बदलण्याचा, नट बदलण्याचा आग्रह कमी सहन करावा लागला, हे खरे. पण असे भांडवल प्रत्येक वेळी शून्यापासून जमवावे लागते, आणि मधली कितीतरी वर्षे या जमवाजमवीतच खर्ची पडलेली आहेत.

शिवाय ती वर्षे रिकामी नव्हती. 'स्ट्रेंज डेज'च्या आधी आणि नंतर अनेक वर्षे त्या जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेवरील चित्रपट उभा करत होत्या. तो त्यांच्या हातून गेला आणि प्रकरण कायदेशीर वादापर्यंत पोहोचून तडजोडीने मिटले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट' या मालिकेचे भाग दिग्दर्शित केले. २००० मध्ये 'द वेट ऑफ वॉटर' हा छोटा चित्रपट झाला. 'ट्रिपल फ्रंटियर' हा प्रकल्पही प्रथम त्यांच्याकडे होता. तो २०१९ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाच्या नावाने पूर्ण झाला. न झालेल्या चित्रपटांची यादी वहीत कुठेच दिसत नाही, आणि कारकीर्द तर त्यांतूनही घडत असते.

आता तुमचा नेमका प्रश्न : ही शिक्षा सर्वांना सारखी होते का? एकाच हंगामातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. 'स्ट्रेंज डेज' ऑक्टोबर १९९५ मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेनी हार्लिन यांचा 'कटथ्रोट आयलंड' आला. त्यावर १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि अमेरिकेत त्याला सुमारे १ कोटी मिळाले. चित्रपट इतिहासातील सर्वांत मोठ्या तोट्यांमध्ये त्याची गणना होते. तरीही पुढच्याच वर्षी हार्लिन यांचा 'द लाँग किस गुडनाइट' आणि १९९९ मध्ये 'डीप ब्लू सी' प्रदर्शित झाला, म्हणजे चार वर्षांत दोन मोठे ॲक्शनपट. जॉन मॅकटिअर्नन यांचा 'लास्ट ॲक्शन हीरो' १९९३ मध्ये अपेक्षाभंग करून गेला आणि १९९५ मध्ये त्यांच्याच हाती 'डाय हार्ड'चा तिसरा भाग होता. या दोघांना संधी मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. ॲक्शनपट हा जुगाराचा व्यवहार आहे आणि त्यात हरलेल्याला पुन्हा डाव मिळायलाच हवा. पण बिगेलो यांना इतका मोठा डाव मिळायला सात वर्षे गेली.

एकच उदाहरण पुरेसे नाही म्हणून मिमी लेडर यांच्याकडे पाहू. ड्रीमवर्क्स या स्टुडिओचा अगदी पहिला चित्रपट, 'द पीसमेकर' (१९९७), त्यांनी दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी त्यांच्या 'डीप इम्पॅक्ट'ने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवले. म्हणजे त्यांच्या नावावर अपयश नव्हते, घवघवीत यश होते. २००० सालचा 'पे इट फॉरवर्ड' अपेक्षेइतका चालला नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून मोठ्या पडद्याची दारे त्यांना जवळपास बंद झाली. त्या दूरचित्रवाणीकडे वळल्या, तिथे उत्तम काम केले, आणि चित्रपटगृहांत त्यांचे नाव ठळकपणे परत दिसायला २०१८ साल उजाडावे लागले. पॅटी जेंकिन्स यांनी २००३ मध्ये 'मॉन्स्टर' केला आणि त्यातील भूमिकेसाठी शार्लीझ थेरॉन यांना ऑस्कर मिळाले. जेंकिन्स यांचा पुढचा चित्रपट 'वंडर वुमन' २०१७ चा, आणि त्याने जगभरात ८२ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. मधल्या १४ वर्षांत त्यांचा एकही पूर्ण लांबीचा चित्रपट नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. मोठा चित्रपट पडल्यावर काही काळ थांबावे लागणे, हा सर्वांना लागू असलेला नियम आहे. ते थांबणे किती वर्षांचे, हे मात्र सर्वांना सारखे नाही.


घारापुरी :

मी मुंबईत गेली चौदा वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते आहे, त्यांतली शेवटची सहा वर्षे फर्स्ट एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक, म्हणून. सह्यवारा यांनी मांडलेल्या आकड्यांच्या मागे सेटवर काय असते हे सांगावेसे वाटते.

आधी एक आकडा माझ्याकडूनही. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेतल्या सहा स्त्रियांनी १९७९ मध्ये एकत्र येऊन जुन्या नोंदी तपासल्या. १९४९ ते १९७९ या तीस वर्षांत तयार झालेल्या ७,३३२ चित्रपटांपैकी स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले फक्त १४ होते. संघटनेने १९८३ मध्ये स्टुडिओंवर दावा दाखल केला, तो १९८५ मध्ये फेटाळला गेला. बिगेलो यांनी 'निअर डार्क' (१९८७) केला तो या पार्श्वभूमीवर. त्या चित्रपटाची पटकथा त्यांनी सहलेखकाबरोबर लिहिली आणि दिग्दर्शन आपणच करणार, या अटीवर ती दिली. लिहिलेला कागद हेच तेव्हा त्यांच्या हातातले बळ होते. नवीन मुलींना मी हे आवर्जून सांगते.

'पुरुषासारखे' या शब्दावर कापूनजोडून यांनी लिहिले ते मला पटले, पण एक गोष्ट जोडते. बिगेलो यांनी स्वतः या विषयावर फारसे बोलणे नेहमी टाळले आहे. स्त्रियांना विरोध होत असेल तर आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, कारण आपण स्त्री आहोत हे बदलता येणार नाही आणि चित्रपट करणेही आपण सोडणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. कित्येक वर्षे मला त्याचा राग यायचा. इतक्या उंचीवर पोहोचलेल्या बाईने आमच्यासाठी बोलायला नको का, असे वाटायचे. आता राग येत नाही, आणि त्याचे कारण माझ्याच कामात घडलेला एक प्रसंग आहे.

एका हिंदी चित्रपटात गोदामातल्या मारामारीचे तीन दिवसांचे काम होते. फाइट मास्टर, त्यांची मुले, वायरवर्कचे सामान, खाली अंथरायच्या गाद्या, रुग्णवाहिका, असे सगळे वेळापत्रक मी लावले होते. रेकीच्या, म्हणजे जागेच्या पाहणीच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कठड्याचा एक जोड सैल असल्याचे मला दिसले, आणि माणसाला बांधायच्या हार्नेसचा भार त्या कठड्यावर नको, असे मी बैठकीत सांगितले. निर्मात्याच्या माणसाने माझे वाक्य संपण्याआधीच माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या सेकंड एडीकडे वळून विचारले, 'तुला काय वाटते?' तो बिचारा म्हणाला, 'मॅडम सांगतात ते बरोबर आहे.' मग लगेच वेल्डरला बोलावले गेले. कठडा दुरुस्त झाला, कोणाला इजा झाली नाही, आणि त्या दिवशीच्या अहवालात ती सूचना सेकंड एडीच्या नावावर लिहिली गेली. तेव्हा मी भांडले असते तर चित्रीकरणाचा दिवस वाया गेला असता आणि पुढच्या चित्रपटाच्या वेळी 'ती कटकट करते' एवढेच लोकांच्या लक्षात राहिले असते. मी गप्प राहिले आणि मास्टरांबरोबर पुढचा शॉट लावला.

म्हणून बिगेलो यांचे दुर्लक्ष मला आता वेगळे दिसते. माणसाकडे दिवसाला ठरावीक ताकद असते, आणि ती कुठे खर्च करायची याचा तो निर्णय होता. या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. २०१० च्या त्या रात्रीपर्यंत दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या स्त्रिया त्यांना धरून फक्त चार होत्या, आणि त्यांच्यानंतर तो पुरस्कार दुसऱ्या स्त्रीला, क्लोई झाओ यांना, २०२१ मध्ये मिळाला. एकट्या बाईच्या पराक्रमाने दार उघडते, पण ते उघडे राहतेच असे नाही.

आपल्याकडचा विषय निघाला आहे म्हणून सांगते, मेघना गुलजार यांचा 'सॅम बहादुर' (२०२३) पाहताना मला याच कारणाने फार बरे वाटले. युद्ध, गणवेश, रणगाडे यांचा चित्रपट आणि दिग्दर्शनाच्या खुर्चीत बाई. मराठीत अशा मोठ्या खर्चाच्या ॲक्शनपटाचे भांडवल पुरुषांनाही मुश्किलीने मिळते, त्यामुळे तिथे तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

प्रास्ताविकात 'स्त्री दिग्दर्शक' म्हणावे का, असे तुम्ही विचारले आहे. पैसे आणि वर्षे यांच्याबद्दल बोलताना जरूर म्हणा, कारण तिथे तो शब्द काहीतरी समजावून सांगतो. कॅमेरा कुठे ठेवला यावर बोलताना त्याची गरज नाही.


सुखना :

मी नोकरीनिमित्त २०१२ मध्ये चंडीगडला राहत होतो, म्हणून थोडे लिहितो. 'झीरो डार्क थर्टी'चा काही भाग तिथे चित्रित झाला. मनीमाजराच्या बाजाराला पाकिस्तानी शहराचे रूप दिले होते; दुकानांवर उर्दू पाट्या लागल्या होत्या आणि रिक्षांवर तिकडचे क्रमांक होते. भारतीय भूमीवर पाकिस्तान उभारण्याला काही संघटनांनी जोरदार विरोध केला आणि चित्रीकरणात अडथळे आले. रोजच्या येण्या-जाण्याचा रस्ता एका सकाळी परका झाल्याचे पाहणे हा विलक्षण अनुभव होता. ओळखीच्या फळवाल्याच्या गाडीवर संत्री तीच होती, फक्त मागची पाटी मला वाचता येत नव्हती.

या चर्चेत सगळेच त्यांच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून एक आक्षेप नोंदवतो. बिन लादेनच्या शोधावरील या चित्रपटात कैद्यांच्या छळाचे प्रसंग आहेत, आणि त्या छळातून महत्त्वाचा धागा मिळाला असा समज प्रेक्षकाचा होतो. डिसेंबर २०१२ मध्ये फाइनस्टाइन, लेव्हिन आणि मॅकेन या तीन अमेरिकी सिनेटरांनी पत्र लिहून हे चित्रण दिशाभूल करणारे असल्याचे म्हटले. एखादी गोष्ट दाखवणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे, अशी भूमिका बिगेलो यांनी घेतली. तत्त्व म्हणून ती योग्य आहे. पण ज्या दिग्दर्शिकेने 'स्ट्रेंज डेज'मध्ये पाहणाऱ्याला इतके जबाबदार धरले, तिच्याकडून इथे अधिक स्पष्टतेची अपेक्षा होती, असे मला वाटते. चित्रपटाला पाच नामांकने मिळाली, दिग्दर्शनासाठी मात्र मिळाले नाही. शेवटचा अबोटाबादचा छापा, त्यासाठी जॉर्डनमध्ये उभारलेले ते घर, रात्रदर्शी चष्म्यांतून दिसणारा हिरवट काळोख, हे सारे चित्रपटकलेच्या दृष्टीने अव्वल आहे, हेही तितकेच खरे.

'डेट्रॉइट'बाबतही असाच प्रश्न उभा राहिला. १९६७ मध्ये अल्जीअर्स मोटेलमध्ये कृष्णवर्णीय तरुणांवर झालेल्या अत्याचाराची ती कथा गोऱ्या दिग्दर्शिकेने सांगावी का, असे अनेकांनी विचारले. तुमच्या वहीत तोट्याच्या शेजारी हाही एक मुद्दा लिहावा. प्रत्येक अपयश दिग्दर्शक स्त्री असल्यामुळे आले असे आपण मानू लागलो, तर त्यांच्या चित्रपटांशी वाद घालण्याचा आपला हक्कच आपण सोडून देऊ.


कापूनजोडून :

सुखना यांचा आक्षेप रास्त आहे. माझ्याकडून एवढेच की, त्या छळाच्या प्रसंगांत कट उशिरा येतात आणि नायिकेचा चेहरा आपल्याला आधार वाटावा असा कधीच दाखवला जात नाही. दिग्दर्शिकेची अस्वस्थता मला तिथे दिसते. पटकथेच्या पातळीवर प्रश्न शिल्लक राहतो, हे मान्य.


निळी शाई :

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वही पुन्हा उघडली आणि सह्यवारा यांनी सुचवलेला 'पैसे कोणाचे' हा रकाना आखला. त्याच्या शेजारी न झालेल्या चित्रपटांचा आणखी एक रकाना केला, तेव्हा १९९५ ते २००२ हा मोकळा दिसणारा पट्टा बराच भरून आला. घारापुरी, तुमच्या कठड्याचा प्रसंग मी आमच्या गटात नाव-गाव न घेता सांगितला तर चालेल का? प्रास्ताविकात जे मला चार पानांत मांडता येत नव्हते ते त्या एका बैठकीत आहे.

क्रम असा ठरवला आहे. पहिल्या महिन्यात 'पॉइंट ब्रेक', आणि पाठलागाच्या मध्येच थांबवून मीही विचारणार आहे की पुढचा माणूस कोणत्या बाजूला आहे. दुसऱ्या महिन्यात 'स्ट्रेंज डेज', त्याआधी पुरेशी सूचना देऊन, कारण आमच्या गटात दोन महाविद्यालयीन मुली आहेत. तिसऱ्या महिन्यात 'के-१९'. तो अपयशी म्हणून वगळावा असे एका सदस्याचे म्हणणे होते, पण मी तो ठेवणार आहे. अणुभट्टीची गळती थांबवण्यासाठी खलाशी दोघा-दोघांनी, मोजून दहा मिनिटे आत जातात, त्या अरुंद लोखंडी जागेतली भीती पाहिल्यावर सहा वर्षांनंतरचा तो जड कपड्यांतला सार्जंट मला ओळखीचा वाटला. दोन्हीकडे माणूस एका ठरावीक अंतरावरच्या मृत्यूकडे स्वतःच्या पायांनी चालत जातो. १० कोटींच्या चित्रपटात जे सापडले तेच पुढे दीड कोटीत अधिक धारदार झाले.

चौथ्या महिन्यात 'द हर्ट लॉकर', पाचव्यात 'झीरो डार्क थर्टी' आणि सुखना यांचा आक्षेप. त्या दिवशी चर्चा लांबेल, म्हणून सभागृह रात्री साडेनऊपर्यंत मागून घेतले आहे. 'अ हाउस ऑफ डायनामाइट' शेवटी ठेवला आहे. शिकागोकडे येणाऱ्या क्षेपणास्त्राची तीच काही मिनिटे तीन वेगवेगळ्या खोल्यांतून तीनदा पाहायला लावणारा हा चित्रपट त्यांनी वयाची सत्तरी ओलांडल्यावर केला आहे. स्फोट मात्र त्यात एकदाही दाखवलेला नाही.